ताप कितव्या दिवसाचा, आणि त्याआधी तुम्ही कुठे होतात?

जुलैमध्ये कोकणातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत दोन प्रश्न हमखास कानावर पडतात. "ताप कधीपासून?" आणि "लावणीला गेला होतात का?" पेशंटच्या तोंडून मात्र आधी आकडा येतो, "डॉक्टर, रात्री एकशे तीन होता," आणि त्यानंतर दुकानातून आणलेल्या गोळीचं नाव. कितवा दिवस हे बोटांवर मोजावं लागतं. शेतात गेल्याचं तर कुणी आपणहून सांगत नाही, कारण भातलावणीच्या दिवसांत शेतात जाणं ही कुणाला सांगण्यासारखी गोष्ट वाटतच नाही.

माझं म्हणणं असं की, कोकणात ताप ओळखायचा तर थर्मामीटरच्या आकड्यापेक्षा या दोन उत्तरांची किंमत फार मोठी आहे. काही तापांत तर रिपोर्ट येण्याआधीच औषध सुरू करावं लागतं, आणि तो निर्णय डॉक्टर तुमच्या उत्तरांवरच घेतात. हे असं का, ते कळायला आधी ताप शरीरात तयार कसा होतो ते पाहायला हवं.

थंडी का वाजते?

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. शरीराचं तापमान किती ठेवायचं हे तो ठरवतो. एरवी ते ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ फॅरेनहाइटच्या आसपास असतं. हा आकडा कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरने हजारो रुग्णांची तापमानं मोजून १८६८ साली मांडला आणि तोच रूढ झाला. पण निरोगी माणसाचंही तापमान दिवसभर एकसारखं नसतं. पहाटे ते सगळ्यांत कमी आणि दुपार-संध्याकाळी सुमारे अर्ध्या अंशाने जास्त असतं. त्यामुळे संध्याकाळी ९९ दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. साधारणपणे १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर ताप आहे असं धरतात. काखेत मोजलेलं तापमान तोंडातल्यापेक्षा जवळपास एक अंश फॅरेनहाइट कमी येतं, तेव्हा कुठे मोजलं तेही सांगावं.

जंतू शरीरात शिरला की पांढऱ्या पेशी रक्तात काही रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि मेंदू तापमानाचा आपला ठराव बदलतो. समजा, ३७ ऐवजी त्याने ३९.५ ठरवलं. शरीर तर अजून ३७ वरच आहे. मेंदूच्या हिशेबाने ते आता थंड पडलंय. मग तो ऊब वाढवायच्या मागे लागतो. कातडीकडे जाणारं रक्त आवळून धरतो, म्हणून हातपाय गार पडतात. स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतो, तीच हुडहुडी. भर मे महिन्यातही माणूस गोधडी मागतो. ३९.५ गाठलं की थंडी थांबते आणि अंग भाजायला लागतं. पुढे ठराव पुन्हा ३७ वर आला की तेच शरीर मेंदूला जास्त तापलेलं वाटतं. कातडीकडे रक्त सोडलं जातं, घाम फुटतो, कपडे भिजतात आणि ताप उतरतो.

पॅरासिटामॉल ते प्रोस्टाग्लँडिन बनणं कमी करते. तिचं काम एवढंच. जंतूला ती हातही लावत नाही. म्हणून चार-सहा तासांनी ताप परत चढला, तर औषध लागू पडलं नाही असं समजून दुसऱ्या डॉक्टरकडे धावू नये. आजार अजून आत आहे आणि गोळीचा असर ओसरलाय, इतकाच त्याचा अर्थ. शिवाय वाढलेल्या तापमानात बऱ्याच जंतूंची वाढ मंदावते आणि आपल्या पेशी जोमाने कामाला लागतात. थर्मामीटरने १०० दाखवलं की लगेच गोळी, हा आग्रह मला पटत नाही. अंग दुखतंय, खाववत नाही, झोप लागत नाही, म्हणून गोळी घ्यावी. आकडा खाली आणायला नव्हे.

एक गोष्ट मात्र यापासून अगदी वेगळी आहे. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी झेला घेऊन आंबे उतरवणारा गडी भोवळ येऊन पडला, अंग भाजतंय, बरळतोय, तर तो ताप नव्हे, उष्माघात आहे. इथे मेंदूचा ठराव ३७ चाच असतो. उष्णता बाहेर टाकणं शरीराला जमलेलं नसतं. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम येतो खूप, पण तो वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. इथे पॅरासिटामॉलचा काडीचाही उपयोग नाही. सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि गाडी बोलवायची. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

पाळीचा आणि मुदतीचा

जुन्या लोकांनी तापांना दिलेली नावं निरीक्षणातून आलेली आहेत. एक दिवस सोडून थंडी वाजून येणारा तो पाळीचा ताप, म्हणजे हिवताप. यामागचं कारण असं: मलेरियाचा परजीवी आपल्या तांबड्या पेशींत वाढतो आणि त्या सगळ्या जवळपास एकाच वेळी फोडून बाहेर पडतो. व्हायवॅक्स प्रकारात हे चक्र ४८ तासांचं असतं. पेशी फुटल्या की हुडहुडी, मग ताप, मग घाम, आणि मधल्या दिवशी माणूस चक्क कामाला जातो. फाल्सिपॅरम प्रकारात वेळेचा असा नेम बऱ्याचदा नसतो आणि तोच जास्त जीवघेणा आहे. डास हा परजीवी वाहून नेतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना आपल्याकडेच, सिकंदराबादला, १८९७ च्या ऑगस्टमध्ये सापडला.

व्हायवॅक्सची एक खोड रुग्णाला माहीत असलीच पाहिजे. त्याचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस असतात. ताप तिसऱ्या दिवशीच गेलेला असतो, म्हणून उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात आणि गणपतीत आलेला ताप शिमग्यात परत येतो.

मुदतीचा ताप म्हणजे टायफॉइड, विषमज्वर. दूषित पाण्यातून आणि अन्नातून. तो पहिल्या आठवड्यात रोज थोडा थोडा वर चढत जातो आणि मग उतरायचं नाव घेत नाही. प्रतिजैविकं नव्हती तेव्हा तीन-चार आठवड्यांची मुदत भरल्यावरच उतरायचा. विडाल नावाची रक्ततपासणी यासाठी सर्रास केली जाते, पण तिच्यावर फार विसंबता येत नाही. पहिल्या आठवड्यातलं ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, जास्त भरवशाचं. आणि रोज संध्याकाळची कणकण, वजन घटणं, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, रात्री घाम, असं असेल तर क्षयाची तपासणी करायलाच हवी.

तरी हल्ली नुसत्या तापाच्या चालीवरून आजार ओळखणं अवघड झालंय. पहिल्या कणकणीलाच सगळे गोळी घेतात, त्यामुळे चढ-उताराची मूळ रेघ पुसली जाते. म्हणून दिवस आणि जागा यांना एवढं महत्त्व.

मळ्यातलं पाणी

आता लेप्टोकडे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसकडे येतो. कोकणासाठी हा सगळ्यांत महत्त्वाचा ताप आहे आणि यावरच मी जास्त लिहिणार आहे.

लेप्टोस्पायरा हा नागमोडी जिवाणू उंदरांच्या मूत्रपिंडात मुक्काम ठोकून असतो. उंदराला काही होत नाही, पण त्याच्या लघवीतून तो बाहेर पडत राहतो. गुरं, डुकरं, कुत्री यांच्याही लघवीतून येतो. ऊन आणि कोरडी जमीन त्याला मानवत नाही. ओल्या चिखलात आणि साचलेल्या गोड्या पाण्यात मात्र तो आठवडेच्या आठवडे जगतो. म्हणजे चिखलणी केलेला भातमळा ही त्याच्यासाठी उत्तम जागा.

लावणी करणाऱ्या बाईचे पाय पाहिलेत का कधी? सकाळी तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायला उतरली की संध्याकाळपर्यंत घोट्याच्या वर चिखल. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून फाटलेली असते, टाचांना भेगा, नखांच्या कडेने सोललेलं. हातांवर भाताच्या पात्यांचे ओरखडे. रात्री त्यावर खोबरेल तेल लावलं जातं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच मळा. लेप्टोचा जिवाणू नेमका अशा फाटलेल्या कातडीतून आत जातो. डोळ्यांतून आणि नाकातोंडाच्या ओलसर त्वचेतूनही जातो, म्हणून चिखलाच्या हाताने डोळा चोळणं किंवा तपकीर-मिश्री लावणं धोक्याचं.

साधारण पाच ते चौदा दिवसांनी एकदम जोराचा ताप येतो. डोकं ठणकतं, डोळे लाल होतात पण त्यातून चिपडं येत नाहीत, आणि पोटऱ्या अशा दुखतात की हात लावू देत नाहीत. आणि इथेच घात होतो. "लावणी केल्यार पाय दुखतलेच," म्हणून घरचे गप्प बसतात. दुखतातच, हे खरं आहे. पण नुसत्या मेहनतीने १०२ ताप येत नाही. ताप आणि पोटऱ्या दोन्ही एकत्र असतील आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांत मळ्यात उतरणं झालं असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

बहुतेकांना हा ताप आठवड्याभरात सोडतो. काहींना मध्ये एक-दोन दिवस बरं वाटतं आणि मग आजार उलटतो: डोळे पिवळे, लघवी कमी, दम लागणं, थुंकीतून रक्त. यकृत, मूत्रपिंड, फुप्फुसं एकामागून एक धरली जातात. १८८६ साली आडॉल्फ वाइल यांनी कावीळ आणि मूत्रपिंडाच्या त्रासासह येणाऱ्या या तापाचं वर्णन केलं, तेव्हा त्यामागचा जिवाणू कुणाला ठाऊक नव्हता.

औषध आहे, साधं आणि स्वस्त. सुरुवातीला डॉक्सिसायक्लिन, आजार वाढलेला असेल तर पेनिसिलिनसारखी इंजेक्शनं. अडचण तपासणीची आहे. नेहमी केली जाते ती अँटिबॉडीची तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, कारण शरीराने अँटिबॉडी, म्हणजे जंतूशी लढणारी प्रथिनं, पुरेशा बनवलेल्याच नसतात. औषधाचा खरा उपयोग तर त्याच दिवसांत असतो. म्हणून शहाणा डॉक्टर रिपोर्टची वाट बघत नाही. मळ्यात गेला होता, ताप आहे, पोटऱ्या दुखतात, एवढ्यावर औषध सुरू करतो. तुम्ही मळ्याचं सांगितलंच नाही, किंवा मुंबईहून चार दिवस लावणीला आलेला मुलगा परत जाऊन तिथल्या डॉक्टरला "गावाला गेलो होतो" एवढंच म्हणाला, तर तो धागा तुटतो. गावाला जाऊन काय केलं हे सांगायला हवं.

लावणीच्या हंगामात जोखमीच्या माणसांना डॉक्सिसायक्लिनची २०० मिलिग्रॅमची मात्रा आठवड्यातून एकदा देता येते. ती आरोग्यसेविकेला किंवा डॉक्टरला विचारूनच, भरल्या पोटी आणि भरपूर पाण्यासोबत घ्यावी. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती चालत नाही. पुराचंही असंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पुढच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोचे रुग्ण वाढले. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. अशा चिखलात हात घालून घर-दुकान साफ करणाऱ्या प्रत्येकाने गमबूट घालावेत आणि त्यानंतर ताप आला तर पुराचं आवर्जून सांगावं.

ताप उतरला तेव्हा सावध

डेंग्यूत माणसं फसतात ती वेगळ्याच कारणाने. पहिले तीन दिवस ताप भडकलेला, डोळ्यांच्या मागे दुखतंय, हाडं मोडल्यासारखी वाटतायत. घरात धावपळ होते. मग चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. गंभीर डेंग्यू सुरू व्हायची वेळ बहुधा हीच असते. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपायला लागतं, रक्त दाटतं, रक्तदाब घसरतो. हा धोक्याचा काळ एक-दोन दिवसांचाच असतो. त्या वेळी पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, सुस्ती किंवा तगमग, सहा-सहा तास लघवी न होणं, यातलं एक जरी दिसलं तरी रुग्णालयात न्यायचं, ताप ९८ असला तरी.

दिवस मोजणं इथे तपासणीसाठीही लागतं. एनएस-१ ही विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी पहिल्या पाच दिवसांत कामाची, आयजीएम ही अँटिबॉडीची तपासणी त्यानंतर. चुकीच्या दिवशी चुकीची तपासणी केली तर निगेटिव्ह कागद हातात येतो आणि आजार तसाच राहतो. लोकांचं सगळं लक्ष प्लेटलेटच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींच्या आकड्यावर असतं, पण रक्त किती दाटलंय, रक्तदाब किती आणि लघवी होते का, हे डॉक्टरांच्या दृष्टीने तितकंच किंवा जास्त महत्त्वाचं.

डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घ्यायचं नाही, त्याने रक्तस्राव वाढतो. कमरेत मारलेलं तापाचं इंजेक्शनही नको, प्लेटलेट कमी असताना तिथे रक्त साखळू शकतं. आपल्याकडे सुई टोचल्याशिवाय डॉक्टरने काही केलं असं वाटत नाही, आणि हा हट्ट पेशंटचा असतो. तो सोडायला हवा.

डेंग्यूचा एडीस डास दिवसा चावतो आणि घराच्या आसपासच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. परसात टाकलेली करवंटी, सुपारीच्या झावळीची पोय, होडीवरचं पिंप, रबराच्या बागेतल्या चीक गोळा करायच्या वाट्या, एवढं पाणी त्याला पुरतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा ही भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करायची. चिकुनगुन्याही हाच डास पसरवतो. त्यात जीव सहसा जात नाही, पण सांधे महिनोन्‌महिने धरतात.

पातेरा गोळा करताना

पाऊस सरला की वेगळा ताप. १९५७ साली शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली आणि त्यांच्या पाठोपाठ माणसं आजारी पडली. तोच माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात फुटला. विषाणू गोचिडीतून येतो. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या आजूबाजूच्या पाचोळ्यात पसरतात. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजू वेचायचा आणि भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, पातेरा (सुका पाचोळा) गोळा करायचा. जोराचा ताप, अंगदुखी, मळमळ, आणि काहींना एक-दोन आठवड्यांनी तापाची दुसरी फेरी, तीत मेंदूवर परिणाम. यावर नेमकं औषध नाही, रुग्णाला सांभाळणं हाच उपचार. बागेत मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवायचं. पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून अंग नीट तपासायचं.

अंग तपासताना काख, जांघ आणि कमरेची घडी बघायला विसरू नये. गवतातल्या अगदी बारीक किडीच्या चावण्याने स्क्रब टायफस होतो आणि चावल्या जागी काळी खपली धरते, विडीचा चटका बसल्यासारखी. ती दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. डॉक्टरला ती एक खपली दाखवली तरी अर्धं निदान झालं, आणि डॉक्सिसायक्लिनने हा ताप दोन दिवसांत वळतो.

घरातली शुश्रूषा

उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज तापात खरोखर उत्तम आहे. पाणी, मीठ आणि पचायला हलकं अन्न तिन्ही एका वाटीत. शहाळंही चांगलं. मात्र लेप्टोची शंका असेल आणि लघवी कमी झाली असेल तर शहाळं डॉक्टरांना विचारूनच द्या. त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि बिघडलेलं मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही.

हुडहुडी भरलेली असताना अंग पुसू नये, कारण मेंदू त्या वेळी ऊब वाढवायच्या खटपटीत असतो आणि थरथर आणखी वाढते. थंडी थांबल्यावर, अंग भाजत असताना कोमट पाण्याने पुसावं. बर्फ नको, स्पिरिट नको. आणि मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या यावेळी घ्यायच्या नाहीत. विषाणूच्या तापात त्यांचा उपयोग शून्य, आणि टायफॉइडसारख्या तापात अर्धवट मात्रेने कल्चर बिघडतं.

लहान मुलांचं औषध वयावर नाही, वजनावर ठरतं: पॅरासिटामॉल एका वेळी किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि दिवसाला चारांहून जास्त मात्रा नाहीत. दहा किलोच्या बाळाला फार तर १५० मिलिग्रॅम. पण बाटल्या सारख्या नसतात. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर ते ३ मिलिलिटर होतं. १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले ड्रॉप्स असतील तर अवघे दीड. ड्रॉप्स चमच्याने मोजून दिले तर तिप्पट औषध पोटात जातं आणि यकृताला इजा होते. बाटलीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. निमेसुलाइड हे तापाचं औषध १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून देशात बंदी आहे. घरात मोठ्यांसाठी आणलेलं असेल तर त्यातलं मोडून मुलाला देऊ नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप असेल तर घरी काहीच करायचं नाही, थेट डॉक्टर.

सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना ताप चढताना झटके येतात. बघणाऱ्याचा जीव जातो, पण बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि मेंदूला इजा करत नाहीत. मुलाला कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचं सैल करा, घड्याळ बघा. दातांत चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, पाणी पाजू नका. पाच मिनिटांत थांबला नाही, मूल निळं पडलं किंवा नंतर नीट शुद्धीवर आलं नाही, तर १०८ ला फोन करा. पहिलाच झटका असेल तर थांबल्यावरही त्याच दिवशी दाखवा, आणि झटका किती वेळ टिकला ते सांगा.